सड्यावरची अनोळखी मुंगी: नवी प्रजाती आहे हे ठरवायचं कसं?

तुम्ही लिहिता की पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाऊस ओसरल्यावर, एका दगडाखाली ही मुंगी सापडली. अंगभर लांब केस, पाठीवर ढाल, ढालीच्या मागच्या कडेला काटे, आणि बोट लागलं की पाय आखडून मेल्याचं सोंग. वंश मेरानोप्लस, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. आपल्याकडे सगळीकडे आढळणारी मेरानोप्लस बायकलर डोक्या-धडानं तांबडी आणि पोटानं काळी असते. तुमची मात्र सगळीच गडद तपकिरी आहे, काटेही आखूड वाटतात. हाताशी मोबाइलवर काढलेले फोटो आणि स्पिरिटमध्ये ठेवलेल्या दोन मुंग्या. प्रश्न असा की ही नवी प्रजाती आहे का, आणि असेल तर तिचं वर्णन कसं लिहायचं.

असू शकेल. पण दोन मुंग्यांवरून हो म्हणता येत नाही, आणि नाहीही म्हणता येत नाही. तुमची मुंगी बायकलरपेक्षा वेगळी दिसते, एवढं मला फोटोत दिसतं. नवी ठरण्यासाठी मात्र ती आजवर नाव मिळालेल्या एकाही नातेवाइकाशी जुळता कामा नये, आणि हे प्रत्येक नावापाशी थांबून दाखवून द्यावं लागतं. खरं काम आहे ते इथे. वर्णन लिहिणं त्यामानानं सोपं.

आधी वंश पक्का करा, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. धड आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन, ते पाहा. मेरानोप्लसला दोन असतात. मग मिशांचे सांधे मोजा: बुडाचा लांब दांडा धरून नऊ, आणि शेवटचे तीन फुगून गदेसारखे झालेले. हे मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. ओल्या मुंगीवर प्रकाश चमकतो आणि दांड्याला लागून असलेले बारीक सांधे केसांत हरवतात. मुंगी वाळवून घ्या, दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर धरा म्हणजे चकाकी मरते, मिशीमागे पांढरा कागद सरकवा आणि टोकाकडून बुडाकडे मोजत या. एक मिशी मोजून थांबू नका, दुसरीही मोजा. एखादीत तुटलेला किंवा जुळलेला सांधा असू शकतो. सांध्यांचा आकडा किती बोलका असतो त्याचं उदाहरण पश्चिम घाटातलंच आहे. केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पातून २०२० मध्ये ऊसेरिया जोशीआय ही मुंगी जाहीर झाली. त्या वंशात तोवर आठ, नऊ किंवा अकरा सांध्यांच्या प्रजाती माहीत होत्या. हिला निघाले दहा.

वंशाच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. मेरानोप्लसचा मोठा पसारा ऑस्ट्रेलियात आहे, भारतात प्रजाती मोजक्याच. हीच मुंगी कॅम्पोनोटस किंवा फायडोली निघाली असती तर प्रत्येकी हजाराहून जास्त प्रजातींच्या वंशात शिरावं लागलं असतं. तरी तुलना भारताच्या सीमेवर थांबवू नका. बायकलर इथून थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. श्रीलंका, म्यानमार, थायलंड इथल्या नातेवाइकांची नावं तपासलीच पाहिजेत. सह्याद्रीतली मुंगी तिकडे कुठे असणार, असं गृहीत धरून केलेलं काम पहिल्याच परीक्षकापाशी अडकतं.

नावांची यादी अँटकॅट या ऑनलाइन सूचीत मिळेल, आणि नमुन्यांचे जवळून घेतलेले फोटो अँटवेबवर. यादी काढताना आज वैध असलेली नावंच घेऊ नका. बायकलरचं मूळ वर्णन १८४४ चं, आणि तेव्हा ती क्रिप्टोसेरस नावाच्या वेगळ्याच वंशात होती. नंतर तिच्या नावाखाली आणखी काही नावं जमा झाली, जी आज समानार्थी, म्हणजे त्याच प्रजातीची जादा नावं, म्हणून झाकली गेली आहेत. उद्या तुमची मुंगी खरोखरच वेगळी ठरली, पण शंभर वर्षांपूर्वी कुणी तिलाच 'बायकलरचा गडद प्रकार' म्हणून नाव देऊन ठेवलं असेल, तर ते जुनं नाव उठून उभं राहतं आणि तुमचं नाव समानार्थी होतं. म्हणून झाकलेली नावं आधी उघडायची. यात एक बारीक गोष्ट आहे. स्विस मुंगीतज्ज्ञ ऑग्युस्त फोरेल आणि त्याच्या काळातले लोक वंश, प्रजाती, उपप्रजाती आणि वर चौथा शब्द प्रकाराचा, अशी चार शब्दी नावं देत. तो चौथा शब्द नामकरण संहितेत, म्हणजे प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, सहसा धरला जात नाही. तीन शब्दी जुनी नावं मात्र धरावी लागतात. प्रत्येक नावाचं मूळ पान काढून वाचल्याशिवाय हा निवाडा होत नाही.

आपल्या भागाच्या मुंग्यांवरचं लिखाण जुनं आहे, आणि मला त्याचा मोठा आदर आहे. कर्नल साइक्सनं १८३५ मध्ये पुण्याकडच्या मुंग्यांची वर्णनं छापली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला रॉटन मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला फोरेलकडे पाठवायचा. पुण्याची कार्डिओकॉन्डायला रॉटनाय १८९० मध्ये त्याच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. ब्रिटिश भारतातल्या मुंग्यांवरचा बिंगहॅमचा १९०३ चा खंड आजही कुणी टाळू शकत नाही. पण त्यातल्या ओळखीच्या पायऱ्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारे प्रश्न, रंगावर फार विसंबतात. त्यानंतर वंशांची मांडणीही कितीतरी बदलली. तो खंड नावं आणि ठिकाणं शोधायला वापरा. त्याच्या पायऱ्या उतरत शेवटी जागा न मिळाल्यामुळे 'नवी' असा निष्कर्ष काढू नका.

यापुढचा टप्पा मूळ नमुन्यांचा. प्रजातीचं नाव ज्या एका मुंगीला कायमचं बांधलेलं असतं ती होलोटाइप. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड जे काम करतो, तेच काम ती करते: वाद झाला की सगळे तिथे येऊन मोजतात. फोरेलच्या संग्रहातले नमुने जिनिव्हाच्या संग्रहालयात आहेत. आज बऱ्याच नमुन्यांचे स्पष्ट फोटो घरबसल्या पाहता येतात, आणि फोटोत न दिसणारा भाग हवा असेल तर संग्रहालयाला पत्र लिहून मोजमाप मागवता येतं; ही माणसं बहुधा आपुलकीनं उत्तर देतात. कधी दगडच हरवलेला असतो. जर्डननं १८५१ मध्ये वर्णन केलेल्या मुंग्यांचे मूळ नमुने आज उरलेले नाहीत. उडी मारणारी हार्पेग्नॅथोस सॅल्टेटर त्यांतलीच; २०१० मध्ये तिचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, जगभरच्या प्रयोगशाळांत ती पाळली जाते. अशा वेळी मूळ वर्णन, मूळ ठिकाण आणि तिथून नव्यानं गोळा केलेल्या मुंग्या यांवर भागवावं लागतं.

आता तुमच्या दोन मुंग्यांकडे येतो. दोन मुंग्या पुरत नाहीत, कारण एकाच वारुळातल्या मुंग्याही एकसारख्या नसतात. नुकतीच कोशातून निघालेली कामकरी फिकट असते, रंग चढायला दिवस लागतात. स्पिरिटमध्ये पडून राहिलेल्या नमुन्याचा रंग उतरतो. पोटात सूत्रकृमी वाढलेल्या मुंगीचं पोट फुगतं, डोक्या-धडाची मापं बिघडतात, आणि जुन्या काळी अशा रोगट मुंग्यांवरून प्रजाती जाहीर झाल्याची उदाहरणं आहेत. मुंगळ्यांत तर थोरल्या कामकरीचं डोकं धाकटीच्या मानानं अंगापेक्षा झपाट्यानं रुंदावत जातं. दोघी शेजारी ठेवल्या तर कुणीही दोन प्रजाती म्हणेल. मेरानोप्लसमध्ये कामकरी साधारण एकाच घडणीच्या असतात, तेवढी ही अडचण कमी. तरी एका वारुळातल्या पाच-सहा आणि निरनिराळ्या वारुळांतल्या मिळून वीसेक मुंग्या मोजल्याशिवाय 'काटे आखूड' या वाक्याला वजन येत नाही.

आणि त्या वीस एकाच पठारावरच्या नकोत. सातारा जिल्हा या कामाला फार सोयीचा आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला माण-खटावात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मधले सडे, कास, चाळकेवाडी, सडावाघापूर, पाचगणीचं टेबल लँड, एकमेकांपासून दऱ्यांनी तुटलेले. सांगलीच्या बाजूला चांदोलीचं जंगल एका टोकाला आणि सागरेश्वरची कोरडी झुडपं दुसऱ्या टोकाला. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना तुमच्या मुंगीचे काटे हळूहळू लांब आणि रंग हळूहळू तांबडा होत गेला, तर ती बायकलरचाच एक रूपभेद मानावी लागेल. पण एकाच सड्यावर, दगडाला दगड लागून, लांब काट्यांची तांबडी आणि आखूड काट्यांची तपकिरी अशी दोन्ही वारुळं सापडली आणि मधली एकही मुंगी मिळाली नाही, तर तो फार मोठा पुरावा आहे. दोघी शेजारी राहूनही मिसळत नाहीत, असा त्याचा अर्थ. मी तुमच्या जागी असतो तर आधी हेच शोधलं असतं: त्याच पठारावर नेहमीची बायकलर आहे का?

रंगाबद्दल लोक मला टोकाचं विचारतात, की रंग अजिबात धरायचाच नाही का. धरायचा, पण एकट्यावर विसंबायचं नाही. अरुणाचलच्या सियांग खोऱ्यातून २०२४ मध्ये जाहीर झालेली पॅरापॅराट्रेकिना नीला, जेमतेम दोन मिलिमीटरचीही नाही, धातूसारख्या निळ्या रंगामुळेच नजरेत भरते. त्या वंशात असा रंग दुसऱ्या कुणालाच नाही, म्हणून तिथे रंगाला किंमत आहे. तांबडा आणि तपकिरी यांतलं अंतर इतकं निर्णायक नसतं.

मेरानोप्लसमध्ये नजर कुठे ठेवायची ते सांगतो. ढाल वरून पाहा: तिची रुंदी, कडेची वळणं, मागचे काटे किती लांब आणि कोणत्या दिशेला झुकलेले, कडेला पातळ पारदर्शक खिडकीसारखा भाग आहे का. कंबरेची पहिली गाठ बाजूनं पाहा: पाचरीसारखी टोकदार की माथ्याला बोथट. दुसरी गाठ गोल की चपटी. मग पोटाचा पहिला मोठा पट्टा. तो गुळगुळीत चकचकीत आहे की त्यावर बारीक जाळी किंवा रेघा आहेत, हे माझ्या मते तुमच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण ठरेल, कारण असं नक्षीकाम वय आणि आकार बदलला तरी रंगासारखं डळमळत नाही. केसांनी पट्टा झाकला असेल तर मुंगी फिरवून तिरपा प्रकाश पाडा. शेवटी जबड्याचे दात मोजा; त्यासाठी एखाद्या मुंगीचे जबडे ओली असतानाच सुईनं उघडून ठेवावे लागतात, वाळल्यावर ते मिटतात ते मोडल्याशिवाय उघडत नाहीत.

मापं घेताना प्रत्येक भाग सूक्ष्मदर्शकाखाली आडवा सपाट आला पाहिजे. डोकं समोरून, पुढची आणि मागची कड एकाच वेळी स्पष्ट दिसेल असं. डोक्याची लांबी, डोळे सोडून रुंदी, मिशीच्या दांड्याची लांबी, डोळ्याची लांबी, आणि धडाची तिरपी लांबी, जिला सगळे वेबर लांबी म्हणतात. मग गुणोत्तरं काढायची. समजा डोकं १.०० मिमी लांब आणि ०.९० मिमी रुंद, तर रुंदी भागिले लांबी गुणिले १०० म्हणजे ९०. दांड्याचं गुणोत्तर डोक्याच्या रुंदीशी काढतात. मुंगी लहान-मोठी असली तरी गुणोत्तर फारसं हलत नाही, म्हणून तुलनेला तेच घ्यायचं. काट्यांची लांबीही अशीच धडाच्या मापात सांगा. 'आखूड' हा शब्द दुसऱ्याच्या टेबलावर निरुपयोगी असतो.

शरीराच्या मापांत न मावणारी माहितीही टिपून ठेवा. डायाकॅमा वंशात राणीच नसते. नव्यानं निघालेल्या कामकरीच्या धडावर दोन बारीक कळ्या असतात, आणि बहुतेक प्रजातींत त्या कुरतडून टाकल्या जातात. ज्या एकीच्या शाबूत राहतात ती अंडी घालते. नीलगिरीतला एक डायाकॅमा दिसायला सिलोनेन्सच्या अगदी जवळचा, पण तिथे कळ्या कुरतडतच नाहीत. मेलेला नमुना कितीही निरखला तरी हा फरक सापडला नसता. तुमच्या मुंगीचं वारूळ कसं आहे, दार कुठे, ती बिया नेते की मेलेले किडे, किती वाजता बाहेर पडते, हे सगळं वहीत आलं पाहिजे.

डीएनएबद्दल तुम्ही विचारलंत. करा, पण त्याच्याकडून निकालाची अपेक्षा ठेवू नका. नेहमीचा बारकोड म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. भारतातल्या फार थोड्या मुंग्यांचे तुकडे जागतिक साठ्यात आहेत, त्यामुळे 'जुळणी सापडली नाही' याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की अजून कुणी तपासलेली नाही. मुंग्यांत वोल्बाकिया नावाचे जिवाणू सर्रास असतात आणि ते आईकडून येणाऱ्या या जनुकाचं चित्र बिघडवू शकतात. तुमची मुंगी आणि शेजारची बायकलर, दोघींचे तुकडे एकाच प्रयोगशाळेतून करून घ्या. त्या तुलनेला अर्थ आहे. यासाठीच्या मुंग्या ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये ठेवा. बाकीच्यांना ७० टक्के चालतं.

हे सगळं जमलं आणि मुंगी कुठेच बसली नाही, तर लिहायला बसा. मजकुराचे दोन भाग वेगळे ठेवा. पहिला ओळखीचा: चार-सहा वाक्यं, ज्यांत ही मुंगी प्रत्येक जवळच्या नातेवाइकापासून नेमकी कशानं वेगळी आहे ते शब्दांत सांगितलेलं असतं. संहितेनुसार १९३० नंतरच्या नावांना हे शब्दांतलं वेगळेपण सक्तीचं आहे. नुसता फोटो चालत नाही. दुसरा भाग सविस्तर वर्णनाचा, डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत, एकाच क्रमानं. माझा आग्रह पहिल्या भागावर असतो. 'बायकलरपेक्षा वेगळी' असं लिहून सोडू नका. 'बायकलरमध्ये ढालीचे मागचे काटे अमुक इतके, हिच्यात तमुक. अमुक प्रजातीत पोटाचा पहिला पट्टा असा, हिच्यात तसा', अशी जोडीजोडीनं वाक्यं लिहा. पन्नास वर्षांनी जतमध्ये किंवा बेळगावात कुणाच्या हातात अशीच मुंगी येईल, आणि त्या माणसाकडे तुमच्या वाक्यांखेरीज काही नसेल.

२००० नंतरच्या नावांना होलोटाइप स्पष्ट नेमून तो कोणत्या संग्रहात ठेवणार ते लिहावं लागतं. अखंड, स्वच्छ, दोन्ही मिशा शाबूत असलेली मुंगी निवडा, बाकीच्या पॅराटाइप, म्हणजे तिच्या जोडीचे नमुने. त्रिकोणी कार्डाच्या टोकाला डिंकाचा बारीक ठिपका देऊन मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाशी चिकटवा, म्हणजे डोकं, ढाल, गाठी सगळं मोकळं राहतं. खालच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि 'दगडाखाली, उघडा सडा' असं ठिकाणाचं वर्णन. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या प्रजातीची सूचना नेमलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि नमुने तिथे जमा करावे लागतात. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं, आकुर्डीचं केंद्र. कोयना आणि चांदोलीत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही मुंगी उचलायची नाही, आणि कासला वनखात्याशी बोलल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. जिथे परवानगी आहे तिथेही दगड उचललात तसाच परत बसवा. त्याच्याखालची ओल हेच त्या वारुळाचं घर असतं.

नावाबद्दल थोडंच. मेरानोप्लस पुल्लिंगी धरला जातो, विशेषण वापरलंत तर ते त्याप्रमाणे चालवा. गावावरून दिलं तर शेवटी 'एन्सिस' येईल. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर त्याची झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद झालेली आणि तो क्रमांक लेखात छापलेला हवा. आणि लेख छापून येईपर्यंत नाव कुठेही सांगू नका. सातारच्या वार्ताहरांना अशा बातमीचं अप्रूप असतं, ते प्रेमानं विचारतील, पण वर्णनाशिवाय छापलं गेलेलं नाव पुढे निस्तरणं कठीण जातं.

आता तुमचं पुढचं काम. याच हंगामात, गवत पूर्ण वाळायच्या आत, सडावाघापूरला पुन्हा जा आणि त्याच पठारावर बायकलर शोधा. प्रत्येक वारुळाच्या मुंग्या वेगळ्या कुपीत घाला; दोन वारुळं कधीही मिसळू नका. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून कुपीच्या आत टाका, बाहेरची शाई स्पिरिटनं पुसली जाते. वळवाच्या पहिल्या सरींनंतर पंखवाल्या राण्या आणि नर बाहेर पडतात का, त्यावर लक्ष ठेवा; वारुळातूनच निघताना मिळाले तर ते कामकरींशी खात्रीनं जोडता येतात, दिव्यावर आलेले जोडता येत नाहीत. नमुने पोस्टानं पाठवू नका, अल्कोहोल टपालात चालत नाही. वीसेक मुंग्या मोजून झाल्या की मापांचा तक्ता, आणि पोटाच्या पहिल्या पट्ट्याचा तिरप्या प्रकाशातला एक फोटो, एवढं आधी धाडा.